आपण नलू आहात काय?

विषय : प्रशिक्षण प्रणालीत संगणकावर प्रत्यक्ष कोण बसले आहे, त्या व्यक्तीची ओळख निश्चित करण्याबाबत.
संदर्भ : कु. दर्शना कुशाबा परब, तात्पुरत्या लिपिक, यांचा अर्ज.

वरील विषयाबाबतची वस्तुस्थिती खालीलप्रमाणे आहे.

१

परळच्या ज्या संस्थेत हे घडलं तिचं नाव लांबलचक आहे. पाटीवरची निम्मी अक्षरं गळून पडल्यामुळे लोक नुसतं ‘निधी’ म्हणतात. गिरणी कामगारांच्या वारसांना मदत करण्यासाठी निधी स्थापन झाला. पुढे गिरण्या गेल्या, कामगार गेले, वारसही थकले. निधी मात्र सुखरूप राहिला.

दर्शनाचे वडील कुशाबा परब तिथे शिपाई होते. एका दुपारी चहाचा ट्रे घेऊन जिना चढता चढता ते मधल्या पायरीवर टेकले आणि उठलेच नाहीत. निधीने शोकसभा घेतली, फुटलेल्या कपांची नोंद केली आणि अनुकंपा तत्त्वावर मुलीला चिकटवून घेतलं. अट एकच. वर्षभरात प्रशिक्षण पूर्ण करायचं, म्हणजे नोकरी कायम. नोकरी कायम झाली तर करी रोडच्या सेवक निवासातली दोन खणांची खोलीही कायम. नाहीतर दर्शना आणि तिची आई शेवंती या दोघींनी खोली रिकामी करून द्यायची. गावी कुडाळकडे चुलत्यांनी घराचे वाटे आधीच घातलेले होते आणि त्यांत शेवंतीला अंगणातली तुळस तेवढी आली होती.

पूर्वी प्रशिक्षण म्हणजे कोणीतरी साहेब यायचे, बोलायचे, समोसे खाऊन जायचे. आता निधीने त्यासाठी खास स्वतःची संगणक प्रणाली बनवून घेतली होती. ती तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच संगणकावर चालायची. जुन्या दस्तांची खोली होती ती. खिडकी होती, पण ती इमारतीच्या आतल्या डक्टमध्ये उघडायची. तिथून उजेड येत नसे. कबुतरांचा घुमण्याचा आवाज तेवढा येई.

पहिल्या दिवशी शाखाप्रमुख रघुवीर विजयकर स्वतः तिला वर घेऊन गेले. गिरगावातलं जुनं प्रभू घराणं. आजोबांच्या काळी दोन चाळी होत्या, आता तोंडी सफाईदार मराठी तेवढी उरली होती. त्यांनी संगणक सुरू केला. पडद्यावर एक राखाडी वर्तुळ आलं. त्यात डोकं आणि खांदे होते, चेहरा नव्हता. खाली लिहिलं होतं : ‘आपण नलू आहात काय?’ त्याखाली दोन खुणा होत्या, ‘होय’ आणि ‘नाही’.

“नलू कोण, साहेब?”

“कोणी नाही. प्रणाली बनवणाऱ्यांनी चाचणीसाठी एक कर्मचारी घातली होती, ती काढायची राहिली. आमचे सगळ्यांचे पासवर्ड महिन्याला मरतात आणि नवा मिळवायला मुख्य कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. नलूचा पासवर्ड मरत नाही. म्हणून गेली तीन वर्षं सगळी शाखा खालच्या संगणकांवरही नलूच्या नावानेच काम करते. फार गुणी बाई. कधी रजा नाही, कधी तक्रार नाही.”

“पण माझं प्रशिक्षण माझ्या नावावर...”

“तुझ्या नावाचं खातं उघडायचं तर प्रशिक्षणाचा दाखला जोडावा लागतो. दाखला हवा तर प्रशिक्षण करावं लागतं. कळलं? मागाहून नाव बदलून घेऊ. एका ओळीचं काम आहे.”

दर्शनाने ‘नाही’वर बाण नेला. संगणक बंद पडला.

“कुशाबांची मुलगी शोभतेस,” विजयकर म्हणाले. “तोही असाच सरळ होता. जन्मभर ट्रे उचलला बिचाऱ्याने.” त्यांनी संगणक पुन्हा सुरू केला आणि तिच्या खांद्यावरून हात घालून स्वतःच ‘होय’ दाबलं. “हो म्हणायला काय जातं गं?”

टेबलावरच्या हेडफोनमधून बाईचा आवाज आला, स्वच्छ, आदबशीर. ‘आपली ओळख पटली आहे.’

२

प्रशिक्षणाचे पाठ होते. वारसांशी सौजन्याने कसे बोलावे. आग लागल्यास काय करावे. कार्यालयीन मालमत्तेची काळजी. दर्शना रोज दुपारी जेवण उरकून वर जायची, कानाला हेडफोन लावायची, ‘होय’ दाबायची आणि पाठ ऐकायची. प्रश्न सोपे असत. आग लागल्यास आपण पळून जाल, ओरडाल की वरिष्ठांना कळवाल? बरोबर उत्तर आलं की बाई म्हणायची, ‘उत्तम, नलू.’

पहिल्या आठवड्यात दर्शनाला याचं हसू यायचं. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची उंच झाली.

म्हणजे असं, की ती बसली आणि पाय जमिनीला टेकेनात. खुर्ची चाकांची, खालचा दांडा ओढला की फुस्स करून खाली बसणारी. दर्शनाने ती आपल्या बेताची करून घेतली. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा वर. कोणीतरी उंच माणूस बसत असणार, हे उघड होतं. शाखेत तेवढा उंच माणूस नव्हता, हेही उघड होतं. विजयकर स्वतःच्या टेबलापलीकडे जेमतेम दिसत. प्रिती नावाची एक कायम लिपिक होती, ती दर्शनाच्याच चणीची. उरलेले सगळे जिने चढायचे म्हटलं की गुडघे दाखवत.

झाडूवाला असेल, दर्शनाने ठरवलं. झाडताना दांडा लागत असेल. तिने बी.कॉम. केलं होतं आणि कुठल्याही गोष्टीला एखादं कारण असतंच, अशी तिची समजूत होती. समजूत चांगली होती. ती महिनोन्महिने खुर्ची खाली घेत राहिली.

मग हेडफोनच्या फोमला एक केस गुंडाळलेला सापडला. तिने तो सोडवायला घेतला. तो संपेना. बोटाभोवती वेटोळी घेत घेत ती ओढत राहिली आणि शेवटी तो सुटला तेव्हा केवढा होता हे मोजायच्या आतच तिने तो खिडकीतून डक्टमध्ये टाकला. दर्शनाचे केस खांद्यापर्यंत कापलेले होते. प्रितीचा बॉयकट होता.

कबुतरं त्या दिवशी घुमत नव्हती. हे तिच्या नंतर लक्षात आलं.

३

“माझा सातवा पाठ कोणी केला?” दर्शनाने खाली येऊन प्रितीला विचारलं.

प्रिती डबा धूत होती. “म्हणजे?”

“काल मी गेलेच नाही वर. साहेबांनी दिवसभर फायली लावायला बसवलं होतं ना. आज बघते तर सातवा पूर्ण. पैकीच्या पैकी गुण.”

“मग बरंय की! पार्टी दे.”

“प्रिती, मस्करी नको. कोणी केला?”

“अगं, नलूच्या नावावर सगळेच बसतात. कोणीतरी टाइमपास म्हणून केला असेल. तू कशाला डोकं लावतेस? माझं प्रशिक्षण पण तिच्याच नावावर आहे. मला काय फरक पडला?”

“तू आधीच कायम होतीस.”

“ते पण आहे,” प्रिती म्हणाली आणि डब्याचं झाकण पुसायला लागली. वाईट बाई नव्हती ती. फक्त दुसऱ्याच्या भानगडीत आपला हात ओला होऊ नये, एवढीच काळजी घ्यायची.

दर्शनाने विचार केला, की पाठ आपोआप पुढे सरकत असेल. यंत्र आहे, चुकतं. ती पुन्हा वर गेली. खुर्ची वर होती. तिने बसण्याआधी बैठकीवर हात ठेवला. बैठक गरम होती.

तीही यंत्राची गरमी असेल, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण म्हणायचं कोणाला? समोर पडद्यावर तोच प्रश्न होता. राखाडी वर्तुळातलं डोकं तिला आज थोडं वळलेलं वाटलं, कोणी मागून हाक मारल्यावर माणूस वळतो तेवढं. चेहरा अजून नव्हताच.

‘आपण नलू आहात काय?’

दर्शनाने बराच वेळ बाण मध्येच धरून ठेवला. वर्ष संपायला फार दिवस उरले नव्हते. पाठ उरले होते. करी रोडच्या खोलीत आई दुपारच्या चहासाठी चूल, म्हणजे गॅस, पेटवत असेल. नाही दाबावं, तर खोली जाते.

तिने होय दाबलं. आणि का कोण जाणे, भान सुटलेल्या माणसासारखी तोंडानेही म्हणाली, “हो.”

‘धन्यवाद,’ कानातली बाई म्हणाली. असं ती आधी कधी म्हणाली नव्हती.

४

कायम झाल्याचा हुकूम मुख्य कचेरीतून आला तेव्हा विजयकरांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला.

“श्रीमती नलू यांनी प्रशिक्षणात सर्वोच्च गुण मिळवल्याबद्दल त्यांचं अभिनंदन करून त्यांना लिपिक या पदावर कायम करण्यात येत आहे.” त्यांनी चष्मा काढला. “वा! एवढे गुण तर मलाही कधी पडले नाहीत.”

हशा पिकला. निधीत कोणी कायम झालं की सत्कार करायची पद्धत आहे. शाल, नारळ आणि दादरहून पेढे. पेढे तर आणायलाच हवेत, असं सर्वानुमते ठरलं. कोणीतरी रिकामी खुर्ची मधोमध ओढली. शालीची घडी खुर्चीच्या पाठीवर घातली, नारळ बैठकीवर ठेवला.

“हार दर्शना घालेल,” विजयकर म्हणाले. “तिच्याच मेहनतीचं फळ आहे.”

“साहेब, नाव बदलायचं बोलला होतात.”

“बदलू की. आधी हार घाल. शुभकार्यात तोंड पाडू नये.”

सगळे टाळ्या वाजवायला लागले. दर्शनाने हार घातला. खुर्चीच्या पाठीवरून तो ओघळून खाली पडायला हवा होता. तो अर्ध्यावर थांबला, जरासा पुढे फुगून, खाली काहीतरी आहे अशा बेताने. टाळ्या एकेक करून बंद झाल्या. मग हार पडला, आणि शिपायाने तो उचलून टोपलीत टाकला आणि पेढे वाटले गेले. पेढे चांगले होते, असं प्रिती म्हणाली.

संध्याकाळी दर्शना विजयकरांच्या टेबलापाशी उभी राहिली. “साहेब, एक ओळ लिहून द्या. नलू अशी कोणी नाही, पाठ दर्शना परबने केले.”

विजयकरांनी दार बंद केलं. त्यांचा आवाज आता थट्टेचा नव्हता.

“बस. तू शिकलेली आहेस, म्हणून सांगतो. मी लिहिलं, की नलू नाही. मुख्य कचेरी विचारणार, मग तीन वर्षं या शाखेचं काम कोणी केलं? वारसांची प्रकरणं कोणी मंजूर केली? सह्या माझ्या आहेत. मला निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. तू नसलीस तर निधीचं काही अडत नाही. नलू नसली तर आम्ही सगळे अडतो.”

“पण ती नाहीच आहे ना, साहेब!”

“हळू बोल,” विजयकर म्हणाले, आणि त्यांनी छताकडे, म्हणजे तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. “अर्ज दे. रीतसर.”

आठवड्याभरात सेवक निवासाच्या दाराला नोटीस लागली. कै. कुशाबा परब यांची खोली कायम सेवक श्रीमती नलू यांना देण्यात येत आहे. शेवंतीला वाचता येत असे, सावकाश. तिने नोटीस दोनदा वाचली.

“ही नलू कोण गो?”

“कोणी नाही, आई.”

“कोण नाय तिका खोली कशी दिल्यानी?”

दर्शनाने सगळं सांगितलं. शेवंती तांदूळ निवडत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने सूप झटकलं.

“कोण नसता तर बरां,” ती म्हणाली. “नसलेल्या माणसाक जागा किती लागतली?”

दर्शना हसली. आई हसली नाही.

५

प्रणालीची देखभाल करायला सिद्धार्थ नावाचा तरुण यायचा. पाठीला बॅग, गळ्यात पट्टा, बोलणं भरभर. दर्शनाने त्याला तळमजल्यावर, जेवणाच्या सुट्टीत गाठलं.

“सिंपल आहे मॅडम,” तो म्हणाला. “प्रणाली विचारते, मशीनवर लॉगिन कोण आहे. मशीन सांगतं, नलू. प्रणाली मानते. खुर्चीत प्रत्यक्ष कोण बसलंय ते तिला कसं कळणार? तिला डोळे आहेत काय?”

“पण नलू ही तुमचीच. तुम्हीच घातलीत.”

“आम्ही?” सिद्धार्थने आपला लॅपटॉप उघडला. “आमचा चाचणीचा माणूस ‘टेस्ट वन’ नावाचा असतो. नलू तुमच्याकडूनच आली असणार. आम्ही आलो तेव्हा होती ती.”

“साहेब तर म्हणतात...”

“सगळे साहेब असंच म्हणतात.” तो पडद्याकडे बघत होता. “चला, तिला बंदच करतो. मग बघू कोण येतं बोंबलत.” त्याने दोन-तीन कळा दाबल्या आणि तोंडाने चक् केलं. “आत्ता नाही होणार. यूजर चालू आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे नलू आत्ता बसल्येय. वर. पाठ पुन्हा पहिल्यापासून चालू आहेत.”

“मी इथे आहे.”

“मग दुसरं कोणी असेल.”

“सगळे जेवतायत. ते बघा, साहेब तिथे. प्रिती ती बघा.”

सिद्धार्थने मोजल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं. मग लॅपटॉप मिटला आणि बॅगेत घातला. “मॅडम, मला रे रोडला अजून एक कॉल आहे,” तो म्हणाला आणि गेला. तो पुन्हा त्या शाखेत आला नाही. आता फोनवरून बोलतो.

दर्शना वर गेली. दुपार होती, जिन्यात ऊन होतं, रस्त्यावरून बसचा भोंगा ऐकू येत होता. भिण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तिने स्वतःला ते प्रत्येक वळणावर सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर दस्तांच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. किल्ली विजयकरांच्या खणात असायची.

आतून कळांचा आवाज येत होता. टक टक, टक. मध्ये थांबून विचार करून, मग टक.

कुलूप आहे, तेव्हा आत कोणी नाही, असं दर्शनाचं डोकं म्हणालं. आत कोणी आहे, तेव्हा कुलूप चुकीचं आहे, असंही तेच डोकं म्हणालं. दोन्ही बाजूंना कारणं होती. दाराला वर एक काचेची पट्टी होती, धुळीने भरलेली. दर्शनाने चवड्यांवर उभं राहून तिच्यावरून बोट फिरवलं.

खुर्चीची पाठ दिसली. ती पार वर घेतलेली होती. हेडफोनची वायर खुर्चीच्या बाजूने वर गेली होती, आणि जिथे माणसाचे कान असतात त्याच्याही वर जात होती, पट्टीच्या चौकटीबाहेर. वायर मधूनमधून हलत होती. कोणीतरी ऐकता ऐकता मान डोलवत होतं.

कळा थांबल्या.

खुर्चीची चाकं वळताना करतात तसा किरकिर आवाज झाला. दर्शनाने खुर्ची पूर्ण वळेपर्यंत थांबायला हवं होतं, असं तिला पुढे अनेकदा वाटलं. म्हणजे निदान अर्जात वर्णन लिहिता आलं असतं. ती तीन जिने कसे उतरली, ते तिला आठवत नाही. खाली विजयकर सुपारी कातरत होते.

“काय गं, भेटली का?” त्यांनी विचारलं. त्यांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली.

६

त्या संध्याकाळी ती करी रोडला पोचली तेव्हा सेवक निवासाच्या गॅलरीत नेहमीसारखे कपडे वाळत होते. पलीकडच्या टॉवरमध्ये दिवे लागत होते. खोलीतून तळलेल्या बांगड्याचा वास येत होता. कुशाबा गेल्यापासून घरात मासळी तळली गेली नव्हती.

दार आतून लावलेलं होतं. दर्शनाने कडी वाजवली. आईने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसला.

“आई, दार उघड.”

“हळू बोल,” शेवंती म्हणाली. “ती जेवता हा.”

दर्शनाने आईच्या खांद्यावरून पाहिलं. स्वयंपाकाच्या बाजूचा दिवा चालू होता. जमिनीवर पाट मांडला होता, वडिलांचा. पुढे ताट होतं. ताटावर एक हात आला, शांतपणे, आणि बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. आधी काढलेले काटे तिथे एका ओळीत लावलेले होते. हात बाईचा होता. नखं स्वच्छ होती. कोपरापासून वरचं कपाटाच्या आड होतं. कपाटाच्या दुसऱ्या फळीवर डबे असतात, त्या डब्यांच्या उंचीवर पदराची किनार हलली. पाटावर मांडी घालून बसलेल्या माणसाचा खांदा तिथवर कसा पोचेल, याचा हिशेब दर्शनाने करायला घेतला आणि सोडून दिला.

“आई, ती कोणी नाही. अशी बाईच नाहीये. तुला सांगितलं ना मी.”

“सांगितलंस.”

“मग?”

शेवंतीने मागे वळून पाहिलं, पुन्हा फटीशी तोंड आणलं आणि अगदी खालच्या आवाजात बोलली. तिचे डोळे कोरडे होते, आवाज नेहमीचा होता. तिला कोणी भारलं-बिरलं असेल, अशी आशा करायला दर्शनाला तेवढीही जागा उरली नाही.

“दुपारी इली. दारात उभी रवली. खोली माझी, म्हणाली. मी म्हटलंय, खोली तुझी, पण माका भायर काढू नको. मी तुका रांधून घालीन. माझी मुलगी म्हणान रव. तिने मान हलवल्यान.”

“आणि मी?”

“तू तरणी हस. तुका खयंय जागा गावतली. माका खय गावतली?”

“आई, मी तुझी मुलगी आहे.”

“माका ठाऊक हा,” शेवंती म्हणाली. “तिचो कागद हा. तुझो हा?”

दर्शनाने साखळीत बोटं घातली. आईने ती एकेक करून सोडवली, लहानपणी भांडीवाल्याच्या टोपलीत अडकलेली बोटं सोडवायची तशीच, न दुखवता.

आतून आवाज आला. स्वच्छ, आदबशीर. गेले कित्येक महिने दर्शना तो कानांत घेऊन बसली होती.

“आई, कोण आलंय?”

“कोण नाय गो बाय,” शेवंतीने मागे न बघता उत्तर दिलं. “ऑफिसातला कोणतरी. तू जेव.”

मग तिने दार लावलं. आवाज होऊ नये म्हणून ते हळूच लावलं.

७

यानंतर दर्शना काही दिवस प्रितीकडे, वरळीला बीडीडी चाळीत राहिली. “चार दिवस रहा बिनधास्त, मग नवऱ्याला विचारते,” असं प्रिती म्हणाली होती. नवऱ्याला विचारलं. आता दर्शना परळलाच एका खानावळीच्या मालकिणीकडे, माळ्यावर झोपते आणि सकाळी पोळ्या लाटू लागते.

वर्ष भरल्यामुळे तिची तात्पुरती नेमणूक संपली. तरी ती दर सोमवारी निधीत येते आणि बाहेरच्या बाकावर बसते. विजयकर येता-जाता तिला ओळख देतात. “काय गं, बरी आहेस ना?” म्हणतात. आईचं विचारतात. आई बरी आहे, असं लोक सांगतात. अंगावर मूठभर मांस चढलंय.

शाखेत दारापासून तिसरं टेबल नलूचं. खुर्ची सगळ्यांच्या खुर्च्यांपेक्षा उंच आहे. दर्शना बाकावरून पाहते तेव्हा टेबलाशी कोणी नसतं. प्रितीला विचारलं तर ती म्हणते, “आत्ता होती की,” आणि दुसरीकडे बघते. काम मात्र वेळच्या वेळी होतं. वारसही खूश आहेत. कोणाशी कसं बोलावं हे त्या बाईंना बरोबर कळतं, असं दोघा-तिघांनी बाकावर बसल्या बसल्या दर्शनाला सांगितलं.

दर्शनाने रीतसर अर्ज दिला आहे. प्रशिक्षणाच्या काळात संगणकावर प्रत्यक्ष मी बसत होते, तरी प्रणालीतील ओळख दुरुस्त करून माझे नाव लावावे, अशी तिची विनंती आहे. अर्जाला पोच मिळाली. विजयकरांनी त्यावर ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारला. नियम असा, की एखाद्या कर्मचाऱ्याच्या नोंदीत बदल करायचा असेल तर आधी त्या कर्मचाऱ्याचं म्हणणं मागवावं.

त्याप्रमाणे अर्ज अभिप्रायासाठी श्रीमती नलू यांच्याकडे पाठवण्यात आला आहे. अभिप्राय अद्याप आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.